शाळा-व्हाउचरमुळे अमेरिकेतील राज्यांत शिक्षण सुधारले का?

शाळा-व्हाउचर म्हणजे मुलाच्या खासगी शाळेच्या फीसाठी सरकारने दिलेली रक्कम. थोडक्यात उत्तर असे की पालकांना निवड मिळाली, परंतु गुणवत्ता आपोआप वाढली नाही. सरकारने शिक्षणाचा खर्च उचलावा, मात्र शाळा स्वतःच चालवल्या पाहिजेत असे नाही, हा विचार अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्ये मांडला आणि विस्कॉन्सिन राज्याने 1990 मध्ये मिलवॉकी शहरातील गरीब कुटुंबांसाठी तो प्रत्यक्षात आणला.

खरा धडा मात्र लुइझियानाचा आहे. तेथे 2012 मध्ये राज्यभर विस्तारलेल्या योजनेत व्हाउचर घेणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्या वर्षी लक्षणीय घसरले. शाळांना व्हाउचरची रक्कम हीच पूर्ण फी मानावी लागे आणि राज्याच्या परीक्षाही घ्याव्या लागत. त्यामुळे बहुतेक खासगी शाळा योजनेबाहेरच राहिल्या आणि ज्या आत आल्या त्यांपैकी अनेक पटसंख्येच्या गळतीने आधीच बेजार होत्या, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते मला पटते, कारण चांगल्या शाळांना बाजारात उतरण्याची गरजच नसेल तर स्पर्धा व्हायची कोणामध्ये?

ॲरिझोनाने 2022 मध्ये उत्पन्नाची अट न ठेवता अशी योजना सर्वांसाठी खुली केली, तेव्हा सुरुवातीच्या अर्जदारांपैकी बहुसंख्य मुले सरकारी शाळेत नव्हतीच. म्हणजे अनुदानाचा मोठा वाटा ज्यांनी निवड आधीच केली होती, त्यांच्याकडे गेला.