‘बाय अँड लार्ज’मधला ‘लार्ज’ कोणता?

प्रश्न : कार्यालयातील इंग्रजी पत्रांत ‘बाय अँड लार्ज’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. कोशात त्याचा अर्थ ‘एकंदरीत’ असा मिळतो. परंतु ‘बाय’ आणि ‘लार्ज’ या दोन शब्दांतून तो कसा निघतो? हा प्रयोग मूळचा खलाशांचा आहे, हे खरे का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : खरे आहे. पुष्कळ इंग्रजी वाक्प्रचारांचा संबंध पुराव्यावाचूनच समुद्राशी जोडला जातो, पण इथे लेखी आधार आहे : सॅम्युअल स्टर्मी यांच्या १६६९ सालच्या नौकानयनावरील ग्रंथात हे शब्द जहाज हाकण्याच्या संदर्भातच आले आहेत.

शिडाच्या जहाजाला थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ६७ अंशांहून जवळ नेता येत नसे. या मर्यादेपर्यंत वाऱ्याला शक्य तितके लगटून जाणे म्हणजे ‘बाय’. त्यात सुकाणूवरच्या माणसाची खरी कसोटी लागे, कारण जहाज थोडे जरी अधिक वळले तरी वारा शिडांच्या पुढच्या बाजूने भरून ती डोलकाठीवर दाबली जात आणि जहाज जागीच अडखळे. (‘टेकन अबॅक’ म्हणजे चकित होणे, हा प्रयोगही या प्रसंगातूनच आला.) याउलट वारा मागच्या अंगाने मोकळा मिळू लागला, की जहाज ‘लार्ज’ चालले असे म्हणत. म्हणजे इथल्या ‘लार्ज’चा आकाराशी काहीही संबंध नाही. दोन्ही प्रकारे नीट चालणारे जहाज कोणत्याही वाऱ्यात भरवशाचे ठरे, आणि त्यावरूनच ‘सर्व बाजूंनी पाहता’ हा अर्थ रूढ झाला.

आजच्या वापरात मात्र त्यात अपवादाला जागा असते, आणि माझ्या मते भाषांतरात नेमकी हीच छटा हरवते. ‘बाय अँड लार्ज, द वर्क इज सॅटिस्फॅक्टरी’ याचा अर्थ काही उणिवा वगळता काम समाधानकारक आहे, असा होतो. म्हणून ‘एकंदरीत’पेक्षा ‘बहुतांशी’ किंवा ‘सर्वसाधारणपणे’ हे शब्द अधिक जवळचे आहेत. नेमक्या आकड्यापूर्वी, ‘सुमारे’ या अर्थाने, तो वापरू नये. आपल्याकडे अनेकजण ‘बाय लार्ज’ किंवा ‘बाय इन लार्ज’ असे लिहितात. ही दोन्ही रूपे चुकीची आहेत. ‘बाय अँड बाय’ म्हणजे ‘थोड्या वेळाने’, तो प्रयोग वेगळा.