'दम लागला' म्हणजे दम आला की गेला?

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची आठवीतली मुलगी अजिंक्यताऱ्यावर जाऊन आली आणि निबंधात तिनं लिहिलं, 'निम्म्या वाटेवर मला दम लागला.' बाईंनी 'दम' खोडून 'श्वास' केलं. घरी आजोबांची शंका निराळीच : ज्याच्यात दम आहे तोच गड चढतो ना? मग चढताना ज्याचा दम संपतो त्यालाही दमच 'लागला' कसं म्हणायचं?

आधी खोडाखोडीचं बघू. 'दम' फारसीतून आला, अर्थ श्वास; एका श्वासाएवढा वेळ हाही त्याचाच अर्थ. शम-दमातला संस्कृत 'दम' वेगळा, तो इंद्रियं आवरण्याचा. फारसी दमाचा गोतावळा आपल्याकडं चांगलाच रुजलाय : दमदार, बेदम (मारताना श्वास उरू देत नाहीत ते), दमा, आणि गवयांचा दमसास. या शेवटच्या शब्दात फारसी दम आणि आपल्या श्वासाचा सास शेजारी-शेजारी बसलेत, अर्थ दोघांचा एकच. तेव्हा परका म्हणून खोडला असेल तर उशीर झालाय.

शिवाय बाईंनी जे घातलं ते जास्त घोटाळ्याचं आहे. आयुर्वेदात 'श्वास' हे रोगाचंच नाव. चरकानं त्याचे पाच प्रकार सांगितलेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. तमक म्हणजे साधारण आपला दमा. ऊर्ध्व तर आपण अजून बोलतो, 'म्हाताऱ्याला ऊर्ध्व लागलाय' म्हटलं की पाहुण्यांना निरोप जातात. गावाकडच्या कानाला 'श्वास लागला' त्याच वाटेवरचं वाटतं. चढ चढून येणारा तो क्षुद्रश्वास, श्रमानं येणारा आणि विश्रांतीनं जाणारा. आठवीच्या पोरीला झाला तो हा. पण निबंधात 'मला क्षुद्रश्वास झाला' लिहिलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

आता आजोबांचा प्रश्न, आणि मला खरी मजा इथं वाटते. 'दम' बाजूला ठेवा, 'लागणे' बघा. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, उचकी लागते, ठसका लागतो. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. म्हणून 'मी श्वास घेतो', पण '*मला* दम लागतो'. कर्ता बिचारा 'मी'चा 'मला' होऊन बसतो.

शरीरातही नेमकं हेच चालतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण बारा ते सोळा वेळा श्वास घेतो, दर खेपेला अर्धा लिटर हवा. श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि हवा आपोआप आत येते. म्हणजे हवा आत आल्यामुळं छाती फुगत नाही, छाती फुगते म्हणून हवा आत येते. हे आपण मुद्दाम करू शकतो, थांबवूही शकतो, पण थोडाच वेळ. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मेंदूच्या बुडाशी असलेलं श्वसनकेंद्र आपलं ऐकत नाही. पाण्यात बुडी मारून तळ गाठणाऱ्याला वर यावंसं वाटतं ते मुख्यतः या वायूमुळं. ऑक्सिजन संपल्याची जाणीव त्या मानानं फार मंद असते.

म्हणून 'वर हवा विरळ, त्यामुळं दम लागला' हे अजिंक्यताऱ्याबाबत फारसं खरं नाही. शहरापासून गड तीनेकशे मीटर उंच. तेवढ्यानं हवेचा दाब तीन-चार टक्के उतरतो, आणि हवेतला ऑक्सिजनचा वाटा खाली-वर सगळीकडं 21 टक्केच. फुप्फुसंही कमी पडत नाहीत. त्यांत तीस कोटींहून जास्त वायुकोश, सगळे उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर भरतील. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यात भिंत असते ती मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. रक्त तिथून पाऊण सेकंदात पुढं जातं, ऑक्सिजन भरून घ्यायला त्याला पाव सेकंद पुरतो. चढावर रक्त पळत असलं तरी निरोगी माणसाचं हे काम सहसा उरकतंच. मांड्यांचे स्नायू मात्र कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल रक्तात ओतत असतात, पायांकडून मेंदूला निरोप जात असतात, आणि मिनिटाचा सात-आठ लिटरांचा कारभार पन्नास-साठ लिटरांवर जातो. तेवढी हवा खेचायला छाती अपुरी पडतेय असं वाटू लागतं, तो 'दम'. तहान लागते तसा दम लागतो, म्हणजे श्वासाची गरज लागते. मी तरी त्याचा अर्थ असाच लावतो.

आजोबांचा दम मात्र साठ्याचा. 'त्याच्यात दम हाय' यातला श्वास म्हणजे गाठीची पुंजी, एका श्वासात किती ओढता येईल त्याचं माप. तिथं क्रियापद 'असणे' आहे, 'लागणे' नाही, म्हणून दोघांचं भांडण होत नाही. आणि 'जरा दम खा की', 'दम काढ', 'दम धर' यांत माणूस पुन्हा कर्ता होतो : चढावर बसायचं, श्वास ताब्यात घ्यायचा. तिथूनच त्याला 'थांब, घाई करू नको' हा अर्थ आला असावा. एसटीची वाट बघणाऱ्याला कुठं चढ असतो? तरी त्यालाही आपण 'दम काढ' म्हणतोच.

बाईंना 'दम' अगदीच नको असेल तर 'धाप लागली' लिहा, पण फरक आहे. धाप दिसते आणि ऐकू येते. धापा टाकणारा माणूस लांबून ओळखू येतो. दम ज्याला लागतो त्यालाच कळतो. मुलगी स्वतःबद्दल लिहीत होती.