पुढे झुकलेली मान आणि वळलेले खांदे

प्रश्न : दिवसभर संगणकासमोर बसून माझी मान पुढे आली आहे आणि खांदेही वळले आहेत. ताठ बसायचे ठरवले तरी थोड्याच वेळात पुन्हा पोक येते. व्यायामाने फरक पडेल का?

उत्तर : नक्कीच पडू शकतो, मात्र नुसता निश्चय पुरत नाही, कारण छातीचे स्नायू आखडलेले आणि खांद्यांची पाती मागे धरणारे स्नायू दुबळे असतील, तर लक्ष हटताच शरीर सवयीच्या स्थितीत परतते. म्हणून आधी दाराच्या चौकटीला हात टेकवून छातीला 30 सेकंद ताण द्यावा. त्यानंतर भिंतीला पाठ लावून, नजर समोर ठेवून, हनुवटी सरळ मागे घ्यावी, 5 सेकंद धरावी आणि सोडावी. असे 10 वेळा करावे. बहुतेक जण येथे हनुवटी छातीकडे दाबतात, आणि मग व्यायामाचा हेतूच हरवतो. रबरी पट्टा ओढून पाती मागे आणताना खांदे कानांकडे चढू देऊ नयेत. बदल दिसायला काही आठवडे लागतात, आणि दर अर्ध्या तासाने उठणे माझ्या मते व्यायामाइतकेच आवश्यक आहे. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.