लॉकहार्टचं समीकरण नायटेलावर का अडतं? उंबरठा हलता ठेवा

तुमची अडचण मला कळली ती अशी: नायटेला या शैवालाच्या पेशीवर तुम्ही वनस्पतिपेशीच्या वाढीचा दर सांगणारं लॉकहार्टचं १९६५ सालचं समीकरण चालवलंत. दाब जरा उतरवला की तुमच्या मॉडेलमधली पेशी कायमची थांबते. प्रयोगात मात्र ती काही मिनिटं थांबून पुन्हा वाढायला लागते, तेही जवळपास आधीच्याच वेगाने. कोडमध्ये चूक नाही. उंबरठा, म्हणजे ज्या दाबाखाली वाढ होत नाही तो दाब, स्थिर धरलाय, घोटाळा तिथे आहे.

लॉकहार्ट म्हणतो, वाढीचा दर = फाय × (टर्गर − उंबरठा). टर्गर म्हणजे पेशीतला पाण्याचा दाब, ०.५ मेगापास्कल धरला तरी मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. फाय म्हणजे भित्तिका (पेशीची भिंत) किती सहज ताणते त्याचं माप. पण यातली भित्तिका निर्जीव फुग्यासारखी आहे. १९७१ मध्ये पॉल ग्रीन आणि सहकाऱ्यांनी नायटेलावरच दाखवलं की उंबरठ्याला दोन बाजूंनी ओढ असते. भित्तिका ताणली की ती कडक होते, उंबरठा चढतो. पेशी तिला सतत सैल करत राहते, त्यामुळे तो उतरतो. म्हणून दुसरं समीकरण जोडा:

उंबरठ्याच्या बदलाचा वेग = क × वाढीचा दर − स

यात ‘क’ म्हणजे वाढीमुळे भित्तिका किती कडक होते ते, आणि ‘स’ म्हणजे पेशी तिला सैल करते तो वेग. आता स्थिर अवस्था काढा, म्हणजे उंबरठ्याचा बदल शून्य धरा. वाढीचा दर = स ÷ क. दाब त्यात कुठेच नाही! मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं होतं.

आकडे घालून बघा, मी सोयीचे घेतोय. दाब ०.५०, उंबरठा ०.४८ मेगापास्कल, फाय ताशी ०.५ प्रति मेगापास्कल. वाढ ताशी १ टक्का. स ताशी ०.१ मेगापास्कल आणि क १० मेगापास्कल घ्या. दाब ०.४५ वर आणलात की वाढ बंद. उंबरठ्याला ०.०३ उतरायचंय, म्हणजे १८ मिनिटं. मग वाढ सुरू होते आणि १ ÷ (फाय × क), म्हणजे १२ मिनिटांच्या कालमानाने जुन्या दरावर येते. प्रयोगात पेशी काही मिनिटं थांबते तो थांबा म्हणजे हाच.

रसायनशास्त्र येतं ते या ‘स’मध्ये. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्या शिजवल्यावरही विरघळत नाहीत, कारण कॅल्शियम पेक्टिनच्या, म्हणजे भित्तिकेतल्या चिकट पदार्थाच्या, साखळ्या एकमेकींना बांधतं. नायटेलाच्याच कुळातल्या कारा शैवालावर प्रोसियस आणि बॉयर यांनी उलटी बाजू दाखवली: पेशी नवं पेक्टेट (पेक्टिनचाच एक प्रकार) भित्तिकेत सोडते, ते ताणाखालच्या जुन्या गाठींमधलं कॅल्शियम ओढून घेतं आणि भित्तिका सैल होते. तेव्हा ‘स’ला नव्या पेक्टेटच्या पुरवठ्याशी जोडा, नुसता आकडा ठेवू नका. काकडीच्या रोपात तेच काम आम्ल आणि १९९२ मध्ये सापडलेली एक्स्पान्सिन प्रथिनं करतात. ते आकडे इथे उचलून आणू नका.

दिशेचं नंतर बघा. नळकांड्यात परिघावरचा ताण लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो, तरी पेशी लांबीलाच वाढते, कारण सेल्युलोजचे तंतू पिंपाच्या कड्यांसारखे आडवे बसलेले असतात. एका मितीच्या मॉडेलला त्याची गरज नाही.

आधी ‘स’ शून्य करून एक रन घ्या, दाब न बदलता. वाढ त्याच १२ मिनिटांच्या कालमानाने विझत जायला हवी. तसं झालं नाही तर तुमचा कोड इथे टाका, ओळीनओळ बघू.