वाचकांचे प्रश्न : अर्धवेळ सैनिकांची डिव्हिजन

प्रश्न : पहिल्या महायुद्धात ब्रिटनने नोकरी-धंदा सांभाळून कवायत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या संपूर्ण डिव्हिजन रणांगणावर धाडल्या, असे वाचनात आले. अशा डिव्हिजनची रचना कशी असे आणि युद्ध लांबल्यावर ती टिकली का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ही रचना १ एप्रिल १९०८ रोजी अस्तित्वात आली. युद्धमंत्री रिचर्ड हॉल्डेन यांनी आदल्या वर्षी कायदा करून घेतला आणि जुन्या स्वयंसेवक पलटणी व यॉमनरी हे हौशी घोडदळ एकत्र करून ‘टेरिटोरियल फोर्स’ उभी केली. स्वयंसेवक त्याआधीही पुष्कळ होते, परंतु पायदळ, तोफखाना, अभियंते, संदेशवहन, रुग्णसेवा आणि रसद यांची सांगड घालून त्यांना एकत्र मैदानात उतरवण्याची सोय नव्हती. हॉल्डेन यांनी ती केली. त्यांच्या योजनेत १४ पायदळ डिव्हिजन आणि १४ घोडदळ ब्रिगेड होत्या.

डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये चार बटालियन आणि प्रत्येक बटालियनमध्ये सुमारे १,००० माणसे, असा हिशेब होता. त्यांच्या जोडीला तोफखाना, दोन इंजिनिअर कंपन्या, एक संदेशवहन कंपनी, तीन फील्ड ॲम्ब्युलन्स (जखमींवर उपचार करणारी वैद्यकीय पथके) आणि रसद वाहणारी तुकडी असे. सगळे धरून संख्या १८,००० च्या आसपास जाई. डिव्हिजनचा प्रमुख नियमित सैन्यातला मेजर जनरल असे. प्रत्येक बटालियनला नियमित सैन्यातला एक ॲडज्युटंट (कारभारात प्रमुखाला मदत करणारा अधिकारी) आणि काही कायम प्रशिक्षक मिळत. बाकी सारे कारकून, गिरणी कामगार, खाणकामगार, दुकानदार आणि वकील. त्यांची भरती, कवायतीची सभागृहे आणि सामग्री यांची जबाबदारी लष्कराकडे नव्हती. ती प्रत्येक काउंटीतल्या (ब्रिटनमधल्या जिल्ह्यातल्या) स्थानिक संघटनेकडे होती. आठवड्याची कवायत आणि वर्षातून साधारण पंधरवड्याचे शिबिर, एवढ्यावर त्यांची तयारी होत असे. शस्त्रेही एक पिढी मागची होती : १५ पौंडी तोफा आणि जुन्या, लांब नळीच्या ली-एनफिल्ड रायफली.

ईस्ट लँकेशायर डिव्हिजन, म्हणजेच पुढची ४२ वी, हे याचे उत्तम उदाहरण आहे. लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या बटालियन बरी, रॉचडेल आणि सॅल्फर्डच्या. ईस्ट लँकेशायर रेजिमेंटच्या ब्लॅकबर्न व बर्नलीच्या. मँचेस्टर रेजिमेंटच्या विगन, ॲश्टन, ओल्डहॅम आणि खुद्द मँचेस्टरच्या. ज्याच्या शेजारी यंत्रावर उभे राहायचे, त्याच्याच शेजारी रांगेत उभे राहायचे. १० सप्टेंबर १९१४ रोजी ही डिव्हिजन साउदम्प्टनहून इजिप्तकडे निघाली. परदेशी गेलेली ती पहिली टेरिटोरियल डिव्हिजन. मे १९१५ मध्ये ती तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरली आणि ४ जूनच्या क्रिथियाच्या तिसऱ्या लढाईत मँचेस्टर ब्रिगेडने तुर्की खंदक ओलांडून बरीच मजल मारली. पण बाजूच्या फळ्या मागे राहिल्याने तिला परतावे लागले. त्यानंतर एकाच गावातल्या कितीतरी घरांवर एकाच आठवड्यात दुःख कोसळले. गावाच्या नावाने पलटण उभी करण्याची ही किंमत होती आणि रचनेच्या बळाचा विचार करताना ती विसरता येत नाही.

या रचनेचा खरा आधार सैनिकाला दिलेले वचन हा होता, असे माझे मत आहे. कायद्याने हे सैन्य स्वदेशाच्या रक्षणापुरते बांधलेले होते; सैनिकाने स्वतः मान्य केल्याशिवाय त्याला समुद्रापार पाठवता येत नव्हते आणि संमतीशिवाय दुसऱ्या पलटणीत बदलताही येत नव्हते. युद्धापूर्वी परदेशी सेवेची तयारी लिहून दिलेले दहातले एकही नव्हते. ऑगस्ट १९१४ मध्ये चित्र पालटले आणि बटालियनमागून बटालियन पुढे आल्या. तरी काही माणसे वय, प्रकृती किंवा घरच्या जबाबदारीमुळे मागे राहणारच होती. म्हणून प्रत्येक तुकडीची जुळी तुकडी उभारण्यात आली. पहिली फळी परदेशी जाणारी, दुसरी स्वदेशात राहणारी आणि १९१५ पासून तिसरी, पहिल्या दोहोंना माणसे पुरवणारी. ‘१/५’, ‘२/५’, ‘३/५’ असे बटालियनचे आकडे त्यावरून पडले : पहिला आकडा फळीचा, दुसरा बटालियनचा. दुसऱ्या फळीच्या वाट्याला सुरुवातीला जपानी रायफली आल्या, आणि तरीही तिच्यातूनच पुढे पूर्ण डिव्हिजन घडल्या. ४२ व्या डिव्हिजनची जुळी ६६ वी, १९१७ मध्ये फ्रान्सला पोहोचली.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धमंत्री झालेल्या लॉर्ड किचनर यांनी काउंटी संघटनांना बाजूला ठेवून आपले ‘नवे सैन्य’ वेगळे उभारले. टेरिटोरियल पलटणी परदेशी जाण्यास बांधलेल्या नव्हत्या, ही त्यांची अडचण खरी होती. पण तयार सांगाडा हाताशी असताना माणसे, प्रशिक्षक आणि शस्त्रे दोन वाटांनी विभागली गेली, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. १९१६ च्या लष्करी सेवा कायद्यांनी ते जुने वचन संपवले. सक्तीने भरती झालेला माणूस जिथे कमी असेल तिथे पाठवला जाऊ लागला. १९१८ च्या आरंभी फ्रान्समधल्या ब्रिगेड चारऐवजी तीन बटालियनच्या झाल्या. डिव्हिजनची नावे तीच राहिली, पण बरी गावाचे लोक त्याच गावाच्या पलटणीत असतील याची खात्री उरली नाही.

प्रश्न : यांपैकी कोणी मुंबईला आले होते का?
– एक वाचक, देवळाली

उत्तर : होय. भारतातल्या ब्रिटिश पलटणी फ्रान्ससाठी मोकळ्या करायच्या होत्या, म्हणून १९१४ च्या ऑक्टोबरात वेसेक्स आणि होम काउंटीज डिव्हिजन आणि डिसेंबरात दुसरी वेसेक्स डिव्हिजन भारताकडे निघाली. इंजिनिअर, रुग्णसेवा व रसदीच्या तुकड्या मात्र इंग्लंडमध्येच थांबल्या. इथे उतरताच बटालियन निरनिराळ्या छावण्यांत वाटल्या गेल्या. १९१५ मध्ये त्यांना ४३, ४४ आणि ४५ हे क्रमांक मिळाले, पण डिव्हिजन म्हणून त्या कधीही लढल्या नाहीत. आधाराच्या तुकड्या काढून घेतल्या की डिव्हिजन म्हणजे बटालियनची यादी उरते, हे इथे स्पष्ट दिसते. तरीही एकेक बटालियन युद्धात गेलीच : हॅम्पशायर रेजिमेंटची १/४ मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उतरली आणि तिच्यातले काही सैनिक कुतच्या वेढ्यात अडकून तुर्कांचे कैदी झाले.

प्रश्न : आपल्या प्रादेशिक सेनेत अशा डिव्हिजन आहेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाहीत. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी उद्घाटन केलेली ही सेना बटालियनच्या पातळीवर बांधलेली आहे आणि तिच्या पायदळ बटालियन नियमित रेजिमेंटशी जोडलेल्या असतात. आपल्या कोल्हापुरातली १०९ इन्फंट्री बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्यांना सेवेसाठी बोलावले होते. त्यांनी स्वतःची वेगळी डिव्हिजन उभारली नाही, तर नियमित सैन्याच्या मदतीला राहून काम केले.