वडिलांचा परवाना आणि कपाटातलं रिव्हॉल्व्हर

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. आजोबा फौजेत सुभेदार. त्यांचं आखूड नळीचं, .४५५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) वेब्ली या विलायती बनावटीचं रिव्हॉल्व्हर पुढे रीतसर परवान्यावर वडिलांच्या नावे आलं. वडील गेल्या वर्षी वारले आणि ते रिव्हॉल्व्हर काडतुसांसकट अजून कपाटातच आहे. तुमची सातारा जिल्ह्यात आडत आहे, बाजाराच्या दिवशी रात्री रोकड घेऊन घरी यावं लागतं. नवं हत्यार परवडत नाही, म्हणून हेच कमरेला लावावं असा तुमचा विचार. एकाने सांगितलं, ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही.’ दुसरा वीस हजारांत ‘खिशात मावणारं पण दणकट’ काहीतरी आणून देतो म्हणतोय.

कमरेला लावणं तर सोडाच, ते आज तुमच्या कपाटात आहे हाच प्रश्न आहे. परवाना माणसाला मिळतो, घराण्याला नाही. वडील गेले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असं हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायला हवं होतं. परवान्याशिवाय बंदुकीचं हत्यार बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ ते कमाल ५ वर्षे कैद आहे. प्रतिबंधित शस्त्राचं कलम लागलं तर ७ ते १४ वर्षे.

घाबरून ते विहिरीत टाकू नका. परवान्यावर नोंदलेलं हत्यार गहाळ झालं तर त्याचा जबाब तुमच्याकडेच मागतील. ठाणे अंमलदारांना आधी फोन करा, मग लेखी अर्ज द्या. वडिलांच्या मृत्यूची तारीख, हत्याराचा क्रमांक, काडतुसं किती, उशीर का झाला, सगळं खरं लिहा. मृत्यू दाखला आणि मूळ परवाना जोडा. हत्यार रिकामं करून, काडतुसं वेगळी बांधून, ते सांगतील त्या वेळी न्या. विनापरवाना बाळगण्याचा खटला भरायला कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. आपणहून दिलेला अर्ज त्यांच्यासमोर असणं आणि पोलिसांनी कपाटातून हत्यार काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जमा केल्याने वारसाहक्क बुडत नाही. ठरलेल्या मुदतीत परवाना मिळवून ते परत घेता येतं किंवा ते बाळगायचा अधिकार असलेल्याला विकताही येतं. मुदत गेली तर मात्र सरकारजमा होऊ शकतं.

आता खरी अडचण बोअरची. वारसाला परवाना देण्याची तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. (वडील हयात असताना, त्यांची सत्तरी झाल्यावर किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झाल्यावर, त्यांना तुमचं नाव सुचवता आलं असतं. हे फार थोड्या घरांत माहीत असतं.) पण .३८०, .४५५ किंवा लष्करी ९ मिलिमीटरची काडतुसं चालतील अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर नियमांनी वेगळ्या वर्गात टाकली आहेत. लोक त्याला ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणतात. त्याचा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होत नाही, प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातं, आणि तिथे ‘रात्री रोकड आणतो’ हे कारण टिकणं कठीण आहे. मुख्यतः दहशतवाद्यांकडून जिवाला धोका असलेल्यांसाठी ती वाट ठेवली आहे. आजोबांची आठवण म्हणून प्रयत्न करायचा असेल तर जरूर करा, आई आणि बहिणींची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं जोडा. रोजच्या संरक्षणाची भिस्त मात्र त्यावर ठेवू नका.

‘अँटिक’वाल्याचं अर्धंच खरं आहे. कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशाच. तुमच्या वडिलांनी त्याला दरवर्षी तेलपाणी केलं, असं तुम्हीच लिहिलंय. मग ही सूट तुम्हाला नाही.

वीस हजारवाल्याला उत्तरसुद्धा देऊ नका. त्या भावात मिळतो तो गावठी कट्टा. बेकायदा हत्यार बनवणाऱ्या-विकणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि तो पकडला गेला की गिऱ्हाइकांची नावं त्याच्या मोबाइलमधूनच निघतात.

त्यातल्या त्यात परवडेल असा कायदेशीर मार्ग म्हणजे .३२ बोअर. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसाला १९८०च्या दशकापासून बंद असल्याने जुन्या विलायती .३२ ला अवाच्या सवा भाव सांगतात, त्या नादी लागू नका. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ हे जेमतेम अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होतं. स्वस्त नाहीच. पण पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. कोणी ‘सात-बारा किती एकरांचा’ विचारलं तर हे कलम दाखवा.

अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. गरज सिद्ध करणं तुमच्या हातात आहे: बाजार समितीचा परवाना, बँकेत भरणा केल्याच्या पावत्या, वाटेत पाठलाग झाला असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार. तक्रार दिली नसेल तर पुढच्या वेळी नक्की द्या, चौकशी अहवाल लिहिणारा पहिल्यांदा तीच शोधतो. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागेल. परवाना मिळाला तरी सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्येच (कमरेच्या म्यानातच) हवं, आणि निवडणुकीच्या काळात ते जमा करायचा आदेश येऊ शकतो.

माझं विचाराल तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत शेतकऱ्यांची पट्टी (त्यांच्या मालाचे पैसे) जमेल तितकी थेट खात्यावर वळवा. रात्रीच्या रस्त्यावरची रोकड कमी झाली की निम्मं काम झालं.

पण सगळ्याआधी उद्या सकाळी पोलीस ठाणं. जमा केल्याची पावती हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका, आणि पावतीवरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी तिथेच जुळवून पाहा.