पुन्हा कामावर रुजू होताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 46. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात 19 वर्षं काढली. तीन महिन्यांपूर्वी कपातीत नोकरी गेली. पीएफ काढून घर चालवावं का? रोजगार केंद्रात नाव घालून या वयात काही हाती लागतं का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : पीएफच्या रकमेला हात लावण्याआधी यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा आणि नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहा. कंपन्या ही तारीख भरायची विसरतात आणि पुढचं सगळं तिथे अडतं. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'वर जाऊन आधारच्या ओटीपीने ती तुम्हालाच भरता येते. ज्या महिन्याचा शेवटचा हप्ता जमा झाला, त्याच महिन्यातली तारीख चालते. एकदा भरली की ती सहज बदलता येत नाही, म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा. नवी कंपनी कागदपत्रं पडताळते तेव्हा पत्रावरची आणि पोर्टलवरची तारीख जुळवून बघते. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या, तर एकाच वेळी दोन ठिकाणी काम केल्याचा संशय येतो आणि हातातली ऑफर लटकते.

रक्कम शक्यतो काढू नका, खात्यावर व्याज चालू राहतं. अगदीच अडचण असेल तर गरजेपुरतीच काढा. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची दहा वर्षं भरली असतील तर तो हिस्सा रोख मिळतच नाही. फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी झालेल्या सेवेचा दाखला) घ्या किंवा नव्या नोकरीत खातं वर्ग करा. दहा वर्षांच्या आतले बरेच जण घाईने पेन्शनचा हिस्सा काढतात, आणि त्यासोबत तेवढ्या वर्षांची सेवाही पुसली जाते. पुढे दहा वर्षं भरताना ही वर्षं कमी पडतात, तेव्हा फार हळहळ होते.

ज्यांची नोकरी जाण्याच्या बेतात आहे, त्यांनी कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा संपण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करावा. मधुमेह, रक्तदाबासारख्या आजारांचा आधी काढलेला प्रतीक्षा काळ (खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं तो) त्यात धरला जातो. खंड पडला की गणती पुन्हा पहिल्यापासून.

आता रोजगार केंद्र. महास्वयं पोर्टलवर नोंदणी जरूर करा, फुकट आहे. पण जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्यांत मागणी मुख्यतः आयटीआय, डिप्लोमा आणि नव्या पदवीधरांना असते. तुमच्या अनुभवाला गिऱ्हाईक आहे ते मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये. ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आलं की तिथे पीपॅप फाइल (पार्ट ग्राहकाच्या अपेक्षेप्रमाणे बनतो हे दाखवणारी कागदपत्रं) तयार करणारा माणूस नसतो. अशा मालकाला 'काही काम आहे का' असं विचारू नका. 'एका पार्टची पीपॅप फाइल, अठराही घटकांसह, इतक्या दिवसांत आणि इतक्या पैशांत करून देतो' असं नेमकं सांगा. त्याआधी एफएमईएची (बिघाड कुठे, कसा होऊ शकतो ते आधीच मांडणाऱ्या तक्त्याची) 2019ची नवी पद्धत शिकून घ्या. जुन्या आरपीएनच्या (धोक्याचे तीन गुण गुणून येणाऱ्या आकड्याच्या) गुणाकाराऐवजी त्यात 'अ‍ॅक्शन प्रायॉरिटी', म्हणजे आधी कशावर उपाय करायचा तो क्रम आहे, आणि जुना तक्ता पुढे केलात तर ऑडिटर पहिल्याच पानावर थांबेल. अशा मालकांपर्यंत पोचायला मराठा चेंबर (पुण्यातली व्यापारी-उद्योजकांची संस्था) किंवा तुमच्या एमआयडीसीतली उद्योजक संघटना, तिथल्या बैठका आणि कार्यशाळा हाच जवळचा रस्ता. जुन्या कंपनीची ड्रॉइंग आणि कागद मात्र कुठेही नमुना म्हणून दाखवू नका.

प्रश्न : बी.कॉम. आहे. 2016पर्यंत एका व्यापाऱ्याकडे टॅलीवर हिशेब पाहत होते, मग मुलांसाठी थांबले. आता पुन्हा काम हवं आहे. आधी एखादा मोठा कोर्स करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मोठ्या कोर्सची फी सध्या भरू नका. डेबिट-क्रेडिट बदललेलं नाही. तुम्ही थांबलात त्यानंतर, 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि व्हॅटची बहुतेक पत्रकं गेली, तेवढी दरी भरून काढायची आहे. रोज दोन तास बसलात तर दीड-दोन महिन्यांत जमेल.

क्रम असा ठेवा. आधी टॅली प्राइम. ईआरपी 9ची सवय असल्याने मेनू वेगळा वाटेल, व्हाउचर तीच. मग जीएसटीचा महिना: पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 (विक्रीचं पत्रक), 14 तारखेला 2बी (खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटचा तक्ता) तयार होतं, 20 तारखेपर्यंत 3बी (कर भरण्याचं पत्रक). पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही पत्रकाची सोय आहे, तिच्या तारखा वेगळ्या. खरी कसोटी 2बी जुळवण्यात. पुरवठादाराने बिल चढवलं नसेल तर ते 2बीत येत नाही आणि त्याची क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. खरेदी रजिस्टर आणि 2बी एक्सेलमध्ये शेजारी ठेवून जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, रक्कम जुळवायची. बिल क्रमांकात शून्य किंवा तिरपी रेघ कमी-जास्त असली तरी बिल सुटतं, म्हणून न जुळलेली बिलं रकमेवरून पुन्हा शोधा. हे काम ज्या बाईला चोख येतं, तिला कर सल्लागार सोडत नाहीत.

याशिवाय दोन गोष्टी ठाऊक हव्यात. 22 सप्टेंबर 2025पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक वस्तू 5 किंवा 18 टक्क्यांत आल्या. तेव्हा जुने स्टॉक मास्टर (टॅलीतली वस्तू आणि दरांची यादी) तपासा. आणि सूक्ष्म-लघु उत्पादकांना द्यायची देणी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत भागवली नाहीत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच आयकरात धरता येतो.

काम मागायला जून महिना बरा. जुलैपासून कर सल्लागारांकडे कामाची रीघ लागते, तेव्हा अर्ध्या दिवसाच्या हाताचीही त्यांना गरज असते. दोन महिन्यांसाठी जा, पण पैसे ठरवूनच जा. 'शिकवतो, पगार नंतर बघू' असं कुणी म्हणालं तर तिथे थांबू नका. तुम्ही शिकाऊ नाही.

प्रश्न : बायोडेटात पडलेला खंड कसा लिहावा? लपवला तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लपवू नका, पीएफच्या नोंदीवरून तो कळतोच. एका ओळीत लिहा: 'मार्च 2021 ते मे 2024, आईच्या आजारपणामुळे नोकरीबाहेर'. तपशील, माफी, काही नको. त्याच्या खालच्या ओळीत गेल्या सहा महिन्यांत काय शिकलात किंवा काय करून दिलंत ते लिहा, आणि ते दाखवता येईल असं असू द्या. मुलाखतीत खंडाबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर देऊन लगेच त्या कामाकडे वळा.